ओसाड गावातली दवंडी

गाव ओस पडले, घरांना कुलपे लागली, वाटांवर गवत माजले. तरीही दवंडीवाला डफ वाजवत हिंडतोच आहे, असे दृश्य डोळ्यांपुढे आणून पाहा. ऐकायला कुणी उरलेले नाही. अशा आवाजाने गावातला शुकशुकाट कमी होत नाही, उलट अधिकच जाणवतो.

२००८ मध्ये आलेल्या ‘वॉल-ई’ या अमेरिकन अ‍ॅनिमेशन चित्रपटाची सुरुवात अशीच आहे. कचऱ्याचे डोंगर मागे ठेवून माणसे अंतराळयानांतून निघून गेली, त्याला सातशे वर्षे लोटली आहेत. कचरा दाबून त्याचे ठोकळे रचणारा एक छोटा यंत्रमानव तेवढा उरला आहे. तो जवळून गेला की एका बलाढ्य कंपनीचे फलक आपोआप जागे होतात आणि अंतराळातल्या सहलीचे आमंत्रण देऊ लागतात. तो मान वर करून पाहतो आणि पुढे चालू लागतो.

त्याला जीव लावावासा वाटतो तो एका जुन्या व्हिडिओ कॅसेटला. १९६९ सालच्या ‘हॅलो, डॉली!’ या चित्रपटात दोन माणसे एकमेकांचा हात हातात घेतात. तेवढा प्रसंग तो पुन:पुन्हा पाहतो आणि स्वत:चेच दोन लोखंडी हात एकमेकांत गुंफतो.

खरेखुरे गाव

ही कल्पना झाली. जपानमधल्या फुताबा या गावाने मात्र हे प्रत्यक्ष अनुभवले. फुकुशिमाचा अणुऊर्जा प्रकल्प या गावाला लागूनच. १९८८ मध्ये गावाच्या रस्त्यावर एक मोठी कमान उभी राहिली. अणुशक्ती ही उज्ज्वल भविष्याची ऊर्जा आहे, अशा अर्थाची घोषणा तिच्यावर होती. ती सहावीतल्या एका मुलाने सुचवलेली होती.

११ मार्च २०११ रोजी भूकंप आणि त्सुनामी आली. प्रकल्पात अपघात झाला आणि सुमारे सात हजार वस्तीचे सगळे गाव रिकामे करावे लागले. दुकानांतला माल तसाच राहिला, अंगणात रान वाढले. कमान मात्र निर्मनुष्य रस्त्याला उज्ज्वल भविष्याचे वचन देत उभीच होती. तो मुलगा आता मोठा झाला होता. गावात परतून त्याने ‘उज्ज्वल’ या शब्दाच्या जागी ‘विनाश’ असे लिहिलेला कागद धरला. पुढे कमान काढायचे ठरले, तेव्हा ती राहू द्या, लोकांना आठवण राहील, असा आग्रहही त्यानेच धरला. २०१५ च्या अखेरीस कमान उतरवली गेली. पुढे तो फलक गावातल्या स्मृतिसंग्रहालयात ठेवण्यात आला. गावाच्या काही भागात राहायला परवानगी मिळाली ती थेट ऑगस्ट २०२२ मध्ये.

घरातला फोन

एवढे मोठे संकट आले नाही तरी घरे ओस पडतातच. मुले नोकरीसाठी परगावी, परदेशी जातात. मागे उरलेल्या आईच्या किंवा वडिलांच्या घरात दुपारी फोन वाजतो. लगबगीने उचलावा, तर पलीकडे कर्जाची नाही तर विम्याची ध्वनिमुद्रित जाहिरात! नकोसे फोन १९०९ या क्रमांकावर नोंद करून बरेचसे बंद करता येतात. पण काही वयस्कर माणसे तो आवाज शेवटपर्यंत ऐकून घेतात. निदान कुणीतरी बोलते आहे ना!

जाहिरातीला बोलता येते, ऐकता येत नाही. समोरच्याने औषध घेतले का, गुडघा दुखतो का, हे तिला विचारायचे नसते. तो प्रश्न घरच्याच माणसाने विचारायचा असतो. दिवसभरात वाजणाऱ्या चार फोनांपैकी एक तरी आपल्या माणसाचा असला, तर भरल्या जगात ओस पडलेले ते घर पुन्हा नांदते होते.