‘वेइट’ आणि ‘भूक लागली’

‘तुमची मराठी खरी मराठी नव्हे’ हे वाक्य आम्ही सीमाभागातील मराठी भाषक दोन्ही बाजूंनी ऐकत आलो आहोत. त्यामुळे एखाद्या भाषेला कोणी कृत्रिम म्हटले की आमचे कान आपोआप टवकारतात.

नॉर्वेतील नीनोर्स्क ही जर्मानिक कुळातील भाषा तशीच हिणवली गेली. १८१४ साली डेन्मार्कचे राज्य संपले, पण लिखाण डॅनिशमध्येच राहिले. ईवार ओसेन या शेतकऱ्याच्या मुलाने १८४२ पासून काही वर्षे खेडोपाडी हिंडून बोली टिपल्या, १८४८ साली व्याकरण आणि १८५० साली कोश सिद्ध केला, व त्या बोलींच्या आधारे एक लेखनभाषा रचली. ती कुणाचीच मातृभाषा नाही, हा तिच्यावरचा जुना आक्षेप.

या रचलेल्या भाषेतील एक क्रियापदवर्ग मात्र कुणालाही रचता आला नसता. ‘बीटे’ म्हणजे चावणे. तो चावतो ‘बीट’, तो चावला ‘बेइट’. आता ‘वेइट’ पाहा. घडण हुबेहूब ‘बेइट’सारखी, म्हणजे भूतकाळाची; अर्थ मात्र ‘जाणतो’, निखळ वर्तमानकाळाचा. ‘शकतो’ या अर्थाचे ‘कान’ आणि ‘स्काल’ हेही याच पंगतीतले. ‘वेइट’चा मूळ धातू पाहण्याचा. ज्याने पाहिले, तो जाणतो. पाहणे संपले, जाणणे उरले. मग खऱ्या भूतकाळासाठी ‘विस्ते’ असे नवे रूप घडवावे लागले.

संस्कृतात याचे सख्खे भावंड आहे. ‘वेद’ हे विद् धातूचे परोक्षभूताच्या घडणीचे, पण द्वित्व नसलेले रूप, आणि त्याचा अर्थ ‘तो जाणतो’. प्राचीन गॉथिकमध्ये ‘वाइट’, आणि ‘विद्म’च्या जागी ‘वितुम’. ओसेनने हे शोधून बसवले नाही. ते शेतकऱ्यांच्या तोंडी होतेच.

आणि आमच्या तोंडी? ताटावर बसलेले मूल ‘भूक लागली’ म्हणते, तेव्हा भूक कालची नसते. कालची सांगायची तर ‘लागली होती’ असे वेगळे म्हणावे लागते. ‘झोप आली’, ‘तहान लागली’ तशीच. उंबऱ्याआड असलेला माणूस ‘आलो, आलो’ म्हणत अर्धा तास येत नाही, ती गोष्ट वेगळी! कुळ निराळे, वाट निराळी. पण झालेल्या क्रियेतून चालू अवस्था सांगण्याची ही युक्ती शाळेत न गेलेली आमची आजीही सहज वापरीत असे. तिच्या बोलीला अशुद्ध म्हणणाऱ्यांनी तिचे क्रियापद कधी उलगडून पाहिले होते काय?

नॉर्वेच्या संसदेने १८८५ साली ओसेनच्या भाषेला समान दर्जा दिला; १८९२ पासून शाळेची भाषा निवडण्याचा हक्क स्थानिक शालेय मंडळांना मिळाला. पुढे सरकारी कार्यालयांवर बंधन आले : पत्र ज्या लेखनभाषेत येईल, तिच्यातच उत्तर द्यायचे. आमच्या मराठी अर्जाला गेल्या वर्षी आलेले उत्तर शेजारच्या शाळकरी मुलाने आम्हांला वाचून दाखवले.