कोपरा फाडलेलं कार्ड

2017 च्या दसऱ्याला पोरगा पुण्याहून आला आणि त्यानं आपला जुना फोन माझ्या हातावर ठेवला. आपट्याचं पान द्यावं तसा. "बाबा, सोनं घ्या," म्हणाला. जिओचं कार्ड घालूनच आणला होता. रात्री जेवणं झाल्यावर ओट्यावर माझ्या शेजारी बसला आणि म्हणाला, "आता तुमचं फेसबुकवर खातं काढून देतो."

खातं म्हटलं की मला सोसायटीचं खातं आठवतं, नाहीतर सातबाऱ्यावरचं. दोन्ही एकदा निघाली की जन्मभर निस्तरावी लागतात. मी म्हटलं, "मला कशाला? माझं काय आहे तिथं सांगण्यासारखं?" पण त्यानं तोवर माझं नाव, जन्मतारीख, शाळा सगळं भरलं होतं. वरच्या चौकटीत विचारलं होतं, तुमच्या मनात काय आहे? पोरानं ते मोठ्यानं वाचलं, तशी आतून भांडी घासता घासता त्याची आई म्हणाली, "पस्तीस वर्सं मी इचारतीया, मनात काय हाय ते. तवा तोंड उघडलं न्हाई. आन त्या डबड्यानं इचारल्यावर सांगणार व्हय?"

ती म्हणाली ते खरं होतं. बोलणं माझ्या स्वभावात नाही. त्याला कारण आहे, आणि ते कारण माझ्या नोकरीत आहे.

1978 साली मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर म्हणून लागलो. पहिली आठ वर्षं माझ्याच गावात काढली. तासगाव आणि खानापूर तालुक्यांच्या शिवेवरचं आमचं गाव. तेव्हा पाऊस नव्हता, द्राक्षबागाही नव्हत्या. घरटी एक माणूस तरी बाहेर. कुणी मुंबईला गिरणीत, कुणी फौजेत, कुणी गलाईच्या धंद्यात. सोन्याचांदीची राख गाळत आमची माणसं पार केरळपासून पंजाबपर्यंत पोचली होती. ती तिकडून पत्रं धाडायची आणि घरातल्या म्हाताऱ्यांना अक्षर ओळखू यायचं नाही. मग शाळा सुटली की पोस्टकार्डं आणि निळी अंतर्देशीय पत्रं घेऊन माणसं माझ्याकडं यायची. मी वाचायचो, ते सांगतील तसं उत्तर लिहायचो.

कोपरा फाडलेलं कार्ड आलं की वाचायच्या आधीच कळायचं, कुणीतरी गेलं. असं कार्ड कुणी घरात ठेवत नसे. मी वाचायचो, माणसं रडायची आणि कार्ड तिथंच फाडून टाकायची. बाकीची पत्रं तारेला ओवून ठेवली जायची. कुणाच्या पोराला नोकरीवरून काढलं, कुणी मुंबईत दुसरी बाई ठेवली, कुणाची सून नांदत नाही, कुणी किती कर्ज केलं, सगळ्या गावाचं पोट मला माहीत होतं. पारावर माणसं माझ्यापुढं एकमेकांना बढाया मारायची आणि मी खाली मान घालून तंबाखू चोळायचो. वाचायचं आणि विसरायचं, एवढाच नियम.

1982 च्या जानेवारीत गिरणीचा संप सुरू झाला. शेजारच्या आण्णाचा थोरला भाऊ तिकडं गिरणीत होता. पावसाळ्यात त्याचं पत्र आलं. आण्णाचे वडील आणि आई दोघंही समोर बसलेले, दहा वर्षांचा आण्णा दाराला टेकून उभा. तो माझ्याच वर्गात होता. मी वाचायला लागलो. तीर्थरूप बाबांस शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष. पुढं लिहिलं होतं, खोलीतली भांडी विकली, आता एकच वेळ जेवतो, आईला सांगू नका. मी तिथं थांबलो. म्हातारा माझ्या तोंडाकडं बघत होता. मी पुढची ओळ वाचल्यासारखी केली, "प्रकृती ठीक आहे, काळजी करू नये." म्हातारीनं डोळ्यांना पदर लावला आणि चहा ठेवायला आत गेली. मग मी हळू आवाजात म्हाताऱ्याला खरं काय ते सांगितलं. त्यानं दुसऱ्या दिवशी एक शेळी बाजाराला नेली. म्हातारी मरेपर्यंत तिला भांड्यांचं कळलं नाही.

असा मी. मला हा फोन म्हणाला, सांग.

पहिले सहा महिने मी नुसता बघत राहिलो. गावच्या ग्रुपवर पहाटे पाचपासून गुलाबाची फुलं यायची. शेजारी राहणारा माणूस फोनवर सुप्रभात म्हणायचा आणि बांधावर भेटला की मान फिरवायचा. मला ती भाषा जमेना. बोटानं एक अक्षर दाबावं तर दुसरंच उमटायचं. एकदा कुणाच्या वाढदिवसाला 'शुभेच्छा' लिहायला गेलो आणि निरोप अर्धवट 'शु' वरच गेला. पोरं आठवडाभर हसत होती.

मग एके दिवशी शाळेपुढच्या चिंचेचा फोटो काढला. ती तोडायची चर्चा चालली होती. खाली दोनच ओळी लिहिल्या, या झाडाखाली मी पाचवीचा वर्ग घ्यायचो, ज्यांनी इथं छड्या खाल्ल्या त्यांनी हात वर करावा. रात्री झोपलो. सकाळी बघतो तर शंभरावर माणसं जमलेली. कोईमतूरहून एक, अमृतसरहून एक, दोघं फौजेतले, गलाईवाले तर कितीतरी. "गुरुजी, माझा हात वर!" ज्या पोरांची तोंडं मी विसरलो होतो ती आता टक्कल पडलेली, मिश्या पिकलेली समोर आली. एकानं लिहिलं, तुमच्या छडीमुळं पाढे पाठ झाले, आज सोन्याचा हिशेब तोंडी करतो. मी फोन घेऊन आत गेलो आणि बायकोला वाचून दाखवलं. ती काही बोलली नाही. पण त्या दिवशी चहात तिनं आलं घातलं.

तिथून मला गोडी लागली. हे लपवण्यात अर्थ नाही. जुनी आड, पडका वाडा, यात्रेतली बैलगाडी, एकेक टाकत गेलो. रात्री जाग आली की उशीखालचा फोन काढून किती लाईक आले ते मोजायचो. आयुष्यभर दुसऱ्याची पत्रं वाचणाऱ्या माणसाला आता स्वतःला पत्रं यायला लागली होती.

2019 च्या ऑक्टोबरात परतीचा पाऊस लागला तो उठेचना. दिवाळी पावसातच गेली. ज्यांनी आगाप छाटण्या घेतल्या होत्या त्यांच्या बागा फुलोऱ्यात होत्या. पानांवर डावण्या, घडांना कुज. माणसं रात्री बॅटऱ्या लावून फवारत होती, आणि पहाटेचा पाऊस ते औषध धुऊन नेत होता. एका सकाळी मी आण्णाच्या बागेकडं गेलो. सरीत घोटाभर पाणी. आण्णा मांडवाखाली चिखलात उकिडवा बसला होता, दोन्ही हात डोक्यावर. वर काळे पडलेले घड लोंबत होते. त्याला मी आल्याचं कळलंही नव्हतं.

मी खिशातून फोन काढला.

त्या घटकेला माझ्या मनात वाईट काही नव्हतं. शहरातल्या लोकांना कळावं, सरकारला कळावं, असंच वाटलं. घरी येऊन चार ओळी लिहिल्या, गावाचं नाव घातलं आणि टाकला. संध्याकाळपर्यंत चारशेवर लाईक. लोक हात जोडत होते, रडण्याच्या खुणा टाकत होते. कुणी कुणी तो फोटो उतरवून घेऊन पुढं पाठवत होते. मला वाटलं, आज काहीतरी कामाचं केलं.

तिसऱ्या दिवशी आण्णा दारात आला. चप्पल काढली नाही, ओट्यावर बसला नाही. अंगणातूनच बोलला.

"गुरुजी, पोरीची सुपारी फुटलीया हे ठावं हाय न्हवं तुमाला?"

"आहे की."

"येवायांचा फोन आलता. म्हनं, बाग गेली तुमची, फोटू बघितला. लगीन पुढल्या साली बघू. औषधाचा दुकानदार काल दारात येऊन बसला. वर्सभर उधारी देणारा मानूस. म्हनला, आण्णा, मला आदी माहीत असतं तर." तो जरा थांबला. "मी कुनाला सांगितलं नव्हतं. आर्धा एकर मागास ठेवलाय, त्येच्यावर निभावून न्यायचं चाललं हुतं माजं."

मी काही बोलायला गेलो. त्यानं हात वर केला.

"आमच्या दादाची पत्रं तुमी वाचलीसा. मी दाराशी हुतो तवा. आईपुढं तुमी काय वाचलं आन मागनं आबास्नी काय सांगितलं, समदं मी ऐकलंया. गावात येक सबुद भाईर गेला न्हाई. आन आता माज्यावर येळ आली तर समद्या मुलखाला वाचून दावलीसा?"

तो गेला. मी तिथंच बसून राहिलो. एवढी वर्षं मला वाटत होतं, त्या दिवशीचं फक्त मला आणि म्हाताऱ्याला माहीत आहे. दारातल्या दहा वर्षांच्या पोरानं ते ऐकलं होतं आणि सदतीस वर्षं सांभाळून ठेवलं होतं, माझ्यावरच्या विश्वासासारखं.

मी पोराला फोन करून फोटो काढून टाकला. पोरगा म्हणाला, "बाबा, तुमचा गेला, पण लोकांच्या फोनमधला नाही जाणार." कार्ड फाडता येतं, हे फाडता येत नाही. आणि याचा कोपराही कुणी फाडून ठेवत नाही. वाईट बातमी गुलाबाच्या फुलांच्या मधेच येते आणि बघणारा अंगठा दाबून पुढं जातो. दुःख कळलं, असं त्याला वाटतं. ज्याचं दुःख, त्याच्या दारात मात्र दुकानदार बसतो.

संध्याकाळी आण्णाकडं गेलो, चुकलो म्हणालो. त्यानं "बसा" म्हटलं, चहा आला, पण बोलणं आलं नाही. त्या हिवाळ्यात मी फोन कपाटात ठेवला.

मार्च 2020 च्या अखेरीस सगळं बंद झालं. आण्णाचा मागास ठेवलेला अर्धा एकर तेव्हाच काढणीला आला. माल गोड, मणी टपोरे, आणि व्यापारी फोन उचलेना. निम्म्या गावानं बेदाणा टाकायला घेतला, शेडवर जागा मिळेना. एका संध्याकाळी आण्णा आला. या वेळी ओट्यावर बसला. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलला. मग म्हणाला, "गुरुजी, तुमचा त्यो फोन हाय का अजून?"

मी कपाटातून काढला, चार्जिंगला लावला. मग आम्ही दोघं बागेत गेलो. मी फोटो काढायचो आणि त्याला दाखवायचो. "ह्यो नगं, पानं करपलेली दिसत्यात." "ह्यो घ्या." मी लिहीत गेलो तसं त्याला वाचून दाखवत गेलो. मी 'संकटात सापडलेल्या शेतकऱ्याला मदत करा' असं लिहिलं होतं. तो म्हणाला, "मदत काडा. माल इकतूया मी, भीक न्हाई मागत. भाव लिवा." मी ते खोडलं, भाव लिहिला. त्याच्या सांगण्याशिवाय एक शब्द ठेवला नाही. पूर्वी उत्तरं लिहायचो तेव्हा शेवटी सगळं पत्र परत वाचून दाखवायचो, तसं वाचलं. तो म्हणाला, "आता धाडा."

पोराच्या सोसायटीनं दोनदा पेट्या मागवल्या. चिंचेखाली हात वर केलेल्यांपैकी पुण्यातल्या दोघांनी आपापल्या इमारतींत विकून दिला. पासाची गाडी मिळायला त्रास झाला, काही माल वाटेत खराब झाला. मोठा फायदा झाला असं नाही, पण दुकानदाराची बरीच उधारी फिटली. जूनमध्ये पोरीचं लग्न दारातच झालं, पन्नास माणसांत. व्याही आले, ते पहिलेच. आण्णा त्यांच्याशी बेतानंच बोलला. मी लग्नाचे फोटो काढले आणि फोन पोरीच्या हातात दिला. तिनं बघून एक ठेवला, बाकीचे काढून टाकले. तो एकही मी कुठं टाकला नाही.

आता मी अधूनमधून लिहितो. कुणी माणूस त्यात असला तर आधी त्याच्या घरी जाऊन वाचून दाखवतो. काही जण नको म्हणतात, मग ते राहतं. पोरगा म्हणतो, "बाबा, असं कोण करतं?" कुणी करत नसेल.

आण्णाचं नि माझं जाणंयेणं पुन्हा सुरू झालं. पण गेल्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर पाऊस आला आणि एका ग्रुपवर कुणीतरी फोटो टाकला. मांडवाखाली डोक्यावर हात घेऊन बसलेला माणूस. खाली भलत्याच जिल्ह्याचं नाव, भलतीच हकिगत, हात जोडलेल्या खुणा. माझाच फोटो. मी फोन पालथा ठेवला. थोड्या वेळानं बांधावरून आण्णाची हाक आली.

"गुरुजी, बघितलासा का? आलो बघा मी परत."

तो हसला. मला हसता आलं नाही.