लेकराचा ‘नको’ ऐकावा

‘पाकीजा’ आपल्या नानी-दादींनी पाहिलेला असतो. मीनाकुमारीचे नाव निघाले की त्या आजही हळहळतात. पण तिच्या दुःखाची सुरुवात किती लवकर झाली, हे थोड्यांनाच ठाऊक असते.

तिचे खरे नाव महजबीन बानो. वडील अलीबक्ष हार्मोनियम वाजवीत, आई इकबाल बेगम रंगभूमीवर काम करी. घरात तंगी होती. 1939 साली विजय भट्ट यांच्या ‘लेदर फेस’मध्ये ती कॅमेऱ्यासमोर उभी राहिली, तेव्हा जेमतेम सहा वर्षांची होती. मला इतर मुलांसारखे शाळेत जायचे आहे, असे ती म्हणे. पण तिच्या कमाईवर घर चालू लागले होते. उर्दू ती घरीच शिकली, पुढे ‘नाज’ या तखल्लुसने शायरीही केली. शाळा मात्र राहिली ती राहिलीच. मोठेपणी तिला झोप लागेना. झोपेसाठी म्हणून डॉक्टरांनी सांगितलेली थोडीशी ब्रँडी व्यसन होऊन बसली. 31 मार्च 1972 रोजी यकृताच्या आजाराने ती गेली, अवघ्या 38व्या वर्षी. सगळा दोष बालपणावर टाकता येणार नाही. वैवाहिक जीवनही सुखाचे नव्हते. पण तिचा पहिला ‘नको’ कुणी ऐकला नाही, हे खरेच.

अलीबक्षना मी दुष्ट म्हणणार नाही. आमच्या वडवणी भागातून ऊसतोडीला टोळ्या निघतात, तेव्हा धाकट्यांना सांभाळायला थोरली मुलगी शाळा सोडून जाते. तिचे आईबापही दुष्ट नसतात, लाचार असतात. मात्र आता खाऊनपिऊन सुखी घरांतही मूल मोबाइलसमोर उभे केले जाते. ‘अजून एकदा कर, हसून कर.’ लाइक कमी आले की अब्बा नाराज, अम्मी गप्प. आपले प्रेम किती मिळणार हे आकड्यावर ठरते, असे त्या जिवाला वाटू लागते.

2017च्या नियमांनुसार चित्रपट-मालिकांत चौदा वर्षांखालील मुलाला दिवसाला पाच तासांहून जास्त काम देता येत नाही, कमाईतले किमान 20 टक्के त्याच्या नावे मुदत ठेवीत ठेवावे लागतात आणि त्याच्या मर्जीविरुद्ध काम करून घेता येत नाही. घरातल्या मोबाइलवर नजर ठेवायला मात्र आपणच.

मूल झोपेत दचकते, जेवत नाही, आवडते खेळ टाकून देते, तर ‘नखरे’ म्हणू नका. जवळ घ्या, विचारा. 14416 या टेलिमानसच्या क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो. औलाद ही अमानत आहे, कमाईचे साधन नव्हे.