मामाचे प्रश्न

माझ्या आजीचा, म्हणजे आईच्या आईचा आवाज आज आमच्या घरात आहे, तो मामामुळे.

आजी लालबागच्या चाळीत खाणावळ चालवायची. एक खोली, रॉकेलचा स्टोव्ह, आणि जेवायला येणारी सगळी पाटणकडची माणसं, बायकापोरं गावी ठेवून गिरणीत आलेली. गिरणगाव म्हटलं की संप आठवतो, मोर्चे आठवतात, पुढारी आठवतात. त्या मोर्चातल्या माणसांना पाळीपाळीने गरम भाकरी वाढणाऱ्या बाया क्वचितच कुणाला आठवतात. 1975 साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, तेव्हा कुठे खाणावळवाल्या बायकांना बँकेचं कर्ज मिळू लागलं. त्याआधी अडीअडचणीला सावकार, नाहीतर गळ्यातलं गहाण.

मामा गिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे मागांवर होता. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. मामाला पुन्हा काही आत जाता आलं नाही. पुढे त्याने वॉचमनची नोकरी धरली. आखातातून परतलेल्या एका शेजाऱ्याकडून त्याने जुना टेपरेकॉर्डर विकत घेतला. भजनं ऐकायला घेतला असेल, असं घरात सगळ्यांना वाटलं. पण सुट्टीच्या दुपारी तो आजीसमोर मांडी घालून बसायचा आणि रेकॉर्डिंगचं बटण दाबायचा.

मामाची शाळा लवकर सुटली होती, पण विचारावं कसं हे त्याला उपजतच कळत होतं. 'आये, तुझ्या आयुष्याबद्दल सांग' असं तो कधीच म्हणत नाही. तो विचारतो, 'पहिली भाकरी तव्यावर कधी पडायची?' आजी लगेच सांगते, 'पहाटं तीनाला. सातच्या पाळीची माणसं. त्याआधी डबं भराय नकोत?' मग पीठ कुठल्या गिरणीतून, सुकट कोण आणून द्यायचं, भांडी कुणासोबत घासायची. एकेका प्रश्नातून अख्खी चाळ उभी राहते.

एका कॅसेटवर तो विचारतो, 'संपात उधारी किती बुडाली?' आजी बोलत नाही. स्टोव्हचा फरफर आवाज तेवढा येत राहतो. मामाही गप्प. तो प्रश्न बदलत नाही, तिच्या तोंडात शब्द घालत नाही. बऱ्याच वेळाने आजी म्हणते, 'बुडाली कशी म्हनू? पोरांच्या हातातच काय नव्हतं. म्या वही फाडून टाकली.' आमच्या आईलाही हे ठाऊक नव्हतं. मामाने तेवढा धीर धरला नसता, तर ते आजीबरोबरच गेलं असतं.

कॅसेटच्या वरच्या कडेला दोन छोट्या प्लास्टिकच्या पट्ट्या असतात. त्या मोडल्या की तिच्यावर चुकून दुसरं काही रेकॉर्ड होत नाही. मामाने प्रत्येक कॅसेटच्या दोन्ही पट्ट्या मोडून ठेवल्या होत्या, आणि पाठीवर बॉलपेनने 'आये' एवढंच लिहिलं होतं. घरात गाणी भरून घ्यायला हातात येईल ती कॅसेट उचलणारी आम्ही भाचरं होतो. त्या मोडक्या पट्ट्यांचे उपकार मी कशाने फेडू?

मुंबईच्या दमट हवेत काही फितींवर बुरशी चढली होती. एका जाणकाराने त्या साफ करून संगणकावर उतरवून दिल्या. तासाची कॅसेट उतरवायला तासच लागतो, त्यात घाई चालत नाही. त्यामुळे आजीचा शब्दन् शब्द मी पुन्हा ऐकला. नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी गिरणगावातल्या माणसांना बोलतं करून त्यांच्याच तोंडून तिथला शंभर वर्षांचा इतिहास मांडला. ते पुस्तक वाचताना सारखं वाटत होतं, आमच्या घरातही एकजण हेच काम करत होता. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी शाबासकी दिली नव्हती.

त्या सगळ्या कॅसेटांत मामा स्वतःबद्दल अवाक्षर बोलत नाही. तो आता नाही. म्हणून हल्ली मी गावी मामीपुढे मोबाइल ठेवून बसते. पहिल्यांदा ती म्हणाली, 'त्यांचं काय सांगायचं, ते बोलायचेच कुठं?' मी विचारलं, 'मामी, रातपाळीहून आल्यावर मामा आधी काय करायचा?' ती सांगू लागली ते संध्याकाळी धारा काढायची वेळ झाली तरी थांबली नाही.