दोन टोले

दादर पूर्वेला जायचं असलं की टॅक्सीवाल्याला नुसतं ‘टीटी’ म्हटलं तरी पुरतं. त्या दोन अक्षरांचा अर्थ कुणी विचारत नाही. ट्राम टर्मिनस. मुंबईची शेवटची ट्राम बोरीबंदरहून दादरकडे निघाली ती ३१ मार्च १९६४ च्या रात्री. गाडी जाऊन साठ वर्षं उलटली, तरी तिचा थांबा लोकांच्या तोंडी अजून आहे.

या शब्दामागची ट्राम निदान नमुन्यात पाहायची तर आणिक आगारातलं बेस्टचं संग्रहालय गाठावं. बेस्टमधलेच अधिकारी पी. डी. परांजपे यांच्या ध्यासातून १९८४ मध्ये ते कुर्ला आगारात उभं राहिलं आणि १९९३ मध्ये इथे आलं. ९ मे १८७४ ला सुरू झालेली घोड्यांची ट्राम, १९०७ ची विजेची ट्राम, १९२६ मध्ये अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट धावू लागलेली बस, अशी सगळी वंशावळ इथे छोट्या आकारात मांडली आहे. नमुने देखणे आहेत. पण पाय अडतात ते जुन्या तिकिटांपाशी आणि पंचापाशी.

पत्र्याची लांबट पेटी, तिच्या खणांत रंगीबेरंगी तिकिटांचे गठ्ठे. प्रत्येक दराचा रंग वेगळा. गर्दीत एक खांदा दांड्याला टेकवून कंडक्टर अंगठ्याने तिकीट सुटं करायचा, टप्प्याच्या आकड्यावर पंच दाबायचा आणि उरलेले पैसे मोजून हातावर ठेवायचा. नजर मात्र पुढच्या माणसावर. कुणी खिडकीबाहेर बघत बसलंच, तर त्याच्या कानाशी रिकामा पंच टिकटिक वाजायचा. बोलायची गरजच नसे. ते भोकाचं तिकीट पोरं घरी नेत, पुस्तकात ठेवत, घडी घालून त्याचं काहीबाही करत. मग दोरी ओढली जायची: एक टोला थांबायला, दोन निघायला. डबलडेकरमध्ये वर एक कंडक्टर, खाली एक. अख्खी दुमजली गाडी त्या टोल्यांवर चालायची. वरच्या मजल्यावरची पहिली सीट मिळाली, तोंडावर वारा आला, झाडाची फांदी टपाला घासून गेली आणि पाठोपाठ ते दोन टोले पडले, की त्या बाकाइतकी ऐटीची जागा मुंबईत दुसरी नव्हती.

१९३७ पासून धावणाऱ्या या डबलडेकरची शेवटची डिझेल गाडी १५ सप्टेंबर २०२३ रोजी अंधेरीत धावली. फुलांनी सजवलेली, मार्ग क्रमांक ४१५, आगरकर चौक ते सीप्झ. वातानुकूलित इलेक्ट्रिक डबलडेकर आता आल्या आहेत आणि त्या चांगल्या आहेत. खिडकी मात्र उघडत नाही.

फ्लोरा फाउंटनजवळ काही वर्षांपूर्वी खोदकाम चाललं होतं, तेव्हा डांबराखालून ट्रामचे रूळ वर आले. ते बघायला माणसं थांबत होती.

ज्यांच्या घरी बेस्टमधून निवृत्त झालेले वडील किंवा आजोबा आहेत, त्यांनी त्यांना एकदा आणिकला घेऊन जावं. पंच बोटांत कसा धरायचा, सुट्टे पैसे कुठल्या बोटांमध्ये ठेवायचे, हे कुठल्या पाटीवर सापडायचं नाही. ते सांगतील तेवढं लिहून घ्यावं. आणि माळ्यावर जुनी तिकिटपेटी असेल, तर ती भंगारात देऊ नये.