मेहर हेही कर्जच

माझी फुफी धुळ्याची, दिलेली जळगावला. तलाक झाला तेव्हा फुफा रिक्षा घेऊन गेले, रिक्षाच्या कर्जाचे हप्ते तिच्या अंगावर राहिले. कर्ज बचत गटाचं, सही तिची. बैठकीत सगळे म्हणाले, "ज्याची सही, त्याचं कर्ज." कायदाही तेच सांगतो, तलाकात कर्ज आपोआप वाटलं जात नाही.

पण निकाहनाम्यावर फुफांचीही सही होती. उधार ठेवलेली मेहरची रक्कम शरीयतप्रमाणे नवऱ्यावरचं कर्जच. १९८६च्या कायद्यानेही ती मागता येते. हे बैठकीत कुणीच काढलं नाही. मीही तिथे गप्प बसलो होतो.

फुफीने शिवणकाम करून हप्ते फेडले. आता घरात निकाह ठरला, की मी आधी विचारतो: मेहर रोख की उधार?