मुकी कोळीण

आमच्या स्वयंपाकघराच्या दाराशी, फ्रिजच्या वर, एक चित्र टांगलंय. चित्र कसलं, एका लिलावाच्या जुन्या कॅटलॉगमधलं पान, कापून फ्रेमीत बसवलेलं. बी. प्रभा यांच्या दोन कोळिणी. मान लांब, हात त्याहून लांब, आणि बोटं तर हाड नसल्यासारखी. पायाशी टोपली, टोपलीत चारच मासे. मागे नुसता निळा; समुद्र म्हणा नाहीतर संध्याकाळ. दोघी एकमेकींकडे बघत नाहीत आणि आपल्याकडेही नाही.

आमच्याकडे मासळी घेऊन येणारी मावशी वेसाव्याची. मेट्रोच्या स्टेशनवर वर्सोवा लिहिलंय, बिल्डरांच्या जाहिरातींतही तेच. मावशी मात्र वेसाव्याची. तिची हाक आमच्या दुसऱ्या मजल्यावर पोचते तेव्हा ती अजून फाटकाशीच असते. एकदा उन्हाची पाणी प्यायला आत आली, तांब्या तोंडाला लावता लावता थांबली.

"ही कंची कोलीन गो बाय?"

मी सांगितलं, मोठ्या चित्रकार होत्या, त्यांनी काढलीय. मावशी आणखी जवळ गेली.

"हिच्या तोंडान जीब नाय काय? अशी उबी ऱ्हायली तं म्हावरा कोन घेल?"

बी. प्रभांबद्दल जाणकार जे बोलतात ते मी थोडंफार वाचलंय. लांबट आकृती, सगळ्या चित्रावर एकाच रंगाचा अंमल, अमृता शेर-गिलची सावली. सगळं पटतं. पण मावशीचा प्रश्न त्यात कुठे भेटला नव्हता, आणि तो एकदा डोक्यात शिरल्यावर चित्र पूर्वीसारखं दिसेना.

कारण कोळीण गप्प नसते. चार बंगल्याच्या बाजारात जाऊन बघा. पापलेटाचा कल्ला उचलून लाली दाखवायची, भाव सांगायचा, तो ऐकून पुढे सटकणाऱ्या गिऱ्हाइकाच्या पाठीवर दोन शब्द हाणायचे, आणि ते मागे वळलंच तर "तुला म्हनून देते" म्हणत पिशवीत घालायचं. तोंड आणि हात एकदम चालू. मांदेलीचा वाटा लावताना ठसठशीत मांदेली वर, बारीक खाली. अंबाड्यात वेणी, कानात, गळ्यात सोनं. होडी नवऱ्याची असली तरी बाजार बाईचा आणि पैशाची पिशवी तिच्या कमरेला. अशा बाईकडे बघून कुणाला कणव कशी सुचावी?

प्रभांना सुचली. याचं उत्तर वेसाव्यात शोधून सापडायचं नाही. ते बेल्यात आहे, असं माझं मत.

बेला हे नागपूरकडचं गाव. प्रभा तिथल्या, जन्म १९३३चा. आधी नागपूरच्या कलाशाळेत, मग मुंबईला जे. जे.त, १९५४-५५ साली चित्रकलेची आणि भित्तिचित्रांची पदविका. मुंबईत तेव्हा चित्रकारांना वारं प्यायल्यासारखं झालं होतं. सूझा, रझा, हुसेन, आरा, बाक्रे आणि नागपूरच्याच कलाशाळेतून आलेले गाडे यांचा प्रोग्रेसिव्ह ग्रुप १९४७ साली निघून एव्हाना पांगतही होता. जहांगीर आर्ट गॅलरीचं दार १९५२ साली उघडलं. पुरुषांच्या या गर्दीत मराठी मुलीही होत्या, हे आपण चटकन विसरतो. कोल्हापूरच्या भानू राजोपाध्ये जे. जे.त सुवर्णपदक मिळवून सिनेमाच्या कपड्यांकडे वळल्या. भानू अथैया म्हणून पुढे 'गांधी'साठी ऑस्कर घेऊन आल्या ते सगळ्यांना माहीत आहे. गोव्याकडच्या प्रफुल्ला जोशींनी १९५५ साली सुवर्णपदक मिळवलं. त्याच नंतर प्रफुल्ला डहाणूकर. प्रभांनी आपली वेगळी वाट धरली. त्या बाई रंगवत राहिल्या, जन्मभर.

नशीब मात्र लवकर उघडलं. अजून विद्यार्थिनी असताना भरवलेल्या प्रदर्शनातली तीन चित्रं डॉ. होमी भाभांनी घेतली. अणूच्या माणसाला चित्रांचा असा नाद होता, टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या भिंती त्याची साक्ष देतात. १९५६ साली प्रभांनी शिल्पकार बी. विठ्ठल यांच्याशी लग्न केलं. त्याच वर्षी एअर इंडियानं त्यांची सहा चित्रं विकत घेतली आणि विमान कंपनीच्या त्या प्रसिद्ध संग्रहाची सुरुवात झाली. एकेका चित्राला साडेसत्त्याऐंशी रुपये. सहांचे पाचशे पंचवीस. याच कंपनीनं पुढे १९६७ साली साल्वादोर दाली या चित्रकाराकडून एक रक्षापात्र करून घेतलं, तेव्हा त्यानं मोबदल्यात हत्तीचं पिल्लू मागितलं आणि त्याला ते मिळालं. मागायला जीभ लागते.

प्रभांनी दुष्काळ रंगवला, भूक रंगवली, बेघर माणसं रंगवली. बायकांचं दुःख रंगवायचं, हे त्यांनी ठरवूनच टाकलेलं होतं. मला त्यात विदर्भातला मे महिना दिसतो. विहिरीला पाणी झिरपेपर्यंत काठावर बसलेली बाई. तिला ओरडून काही फायदा नसतो, कारण ऐकायला कुणी नसतं. जमिनीशी घासाघीस करता येत नाही. ती मान जराशी कलती करून बसते आणि नजर कुठेच ठेवत नाही. ही बाई लहानपणी डोळ्यांत बसली असेल, तर मुंबईच्या किनाऱ्यावर उतरल्यावरही हाताखाली तीच येणार. प्रभांनी तिला कोळणीचं लुगडं नेसवलं, पायाशी टोपली ठेवली, मागे समुद्र ओढला. बसवली मात्र बेल्याच्या विहिरीवर.

पूर्वी मला हा दोष वाटायचा. आता तसं म्हणवत नाही. गाव सोडून आलेल्या माणसाला नवं गाव असंच दिसतं, जुन्यातून. अंधेरीला तीस वर्षं काढूनही मी पावसाची वाट आमच्या गावच्या हिशेबानंच बघते. पण हातांचं मला अजूनही पटत नाही. मावशीचा अंगठा कोयत्यानं इतक्यांदा कापलाय की त्यावर रेघांचं जाळं झालंय, नखांच्या कडा मिठाच्या पाण्यानं पांढऱ्या पडल्यात, आणि दोन बोटं तर सरळच होत नाहीत. चित्रातल्या बोटांनी कधी बोंबील धरलेला दिसत नाही. दुःख दाखवायचं होतं तर ते तिथे होतं, अगदी समोर.

विठ्ठल आधी गेले, १९९२ साली. प्रभा २००१ साली. एअर इंडियाचा तो संग्रह अलीकडे सरकारकडे, राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाच्या ताब्यात आला.

हे सगळं मी मावशीला सांगितलं नाही, तिची गिऱ्हाइकं खोळंबली होती. फक्त किमतीचं सांगितलं, कारण तिनं तेच विचारलं. आता लाखांत जातात म्हटलं, पण विमान कंपनीनं सहा घेतली ती सत्त्याऐंशी रुपयांना एक.

तिनं टोपली डोक्यावर चढवली, चुंबळ नीट केली आणि दारातून एकदा मागे वळून चित्राकडे पाहिलं.

"आनि भाव नाय केला तिनं? मंग ती कोलीन नायच गो."